डब्यातलं घट्ट दूध

काय बालदोस्तांनो, मिल्कमेडच्या डब्यात बोट घालून चाटलंय ना कधी? खरं सांगा हं! आमच्या वर्गातली काही मुलं तर ते पोळीला लावून आणतात.

आता मला सांगा, उन्हाळ्यात साधं दूध दुपारपर्यंत नासतं, मग हे महिनोन् महिने कसं टिकतं? दूध आटवून त्यातलं बरंचसं पाणी काढतात आणि भरपूर साखर घालतात. उरलेलं पाणी साखर धरून ठेवते, ते जंतूंना मिळतच नाही. आजीच्या मुरांब्यातही हीच युक्ती! अमेरिकेतल्या गेल बोर्डन यांनी निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं पेटंट १८५६ मध्ये मिळवलं. निर्वात भांड्यात दूध कमी तापमानाला उकळतं, म्हणून करपत नाही. आई बासुंदी सारखी का ढवळते, कळलं?

आपल्या पिंपरी, भोसरी, चाकणकडे पुष्कळ घरी आई-बाबा दोघंही शिफ्टला जातात. दुपारी घरात मुलंच. म्हणून दोन गोष्टी नीट ऐका. बंद डबा पाण्यात उकळून कॅरामल होतं, असं कुणी सांगेल. अजिबात करू नका! पाणी आटलं की डबा फुटू शकतो आणि ते चिकट, उकळतं दूध कातडीला चिकटून बसतं.

दुसरं म्हणजे, तान्हं भावंड रडलं तरी हे दूध पाण्यात कालवून त्याला पाजायचं नाही. यात निम्म्याच्या आसपास साखरच असते. पूर्वी इंग्लंडात गरीब घरांतली बाळं साय काढलेल्या अशा दुधावर वाढली आणि त्यांना मुडदूस झाला. पालकहो, हे तुमच्यासाठीही.

बरं, आता केक! मात्र गॅसजवळ मोठं माणूस हवंच. अर्धा डबा (२०० ग्रॅम) दूध आणि ५० ग्रॅम लोणी फेसा. १२५ ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा चाळून मिसळा. १०० मिली दुधात चमचाभर लिंबू पिळून ओता. लिंबाने सोड्याचे बुडबुडे होतात, अंड्याची गरजच नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाशी मिठाचा थर द्या, पाणी नको. आधी दहा मिनिटं कुकर तापवा, मग भांडं ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला! वेगळी साखर घालू नका हं. उरलेलं दूध काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा.