पांच पायऱ्यांचें कडें

हल्लीं पुष्कळ घरीं एक तरी मोटरसायकल असते, आणि एकत्र कुटुंबांत तिजवर सर्वांचाच हक्क असतो. सकाळीं चिरंजीव एकटे कचेरीस जातात; दुपारीं तीच गाडी मातोश्रींस डॉक्टरांकडे नेते; सायंकाळीं सूनबाई मागें बसून बाजार करून येतात. भार असा प्रहराप्रहरास बदलतो. परंतु तो तोलणाऱ्या मागच्या दोन स्प्रिंगा मात्र गाडी दुकानांतून आली त्या दिवशीं जशा होत्या तशाच राहतात. या स्प्रिंगांच्या एका टोकास पायऱ्यापायऱ्यांचें लोखंडी कडें असतें. स्प्लेंडरसारख्या सर्वपरिचित गाडीस अशा पांच पायऱ्या आहेत. हें कडें भाराप्रमाणें फिरवावयाचें असतें, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरीं तें अजागलस्तनाप्रमाणें असून नसल्यासारखें होतें.

पूर्वीं बऱ्याच मोटरसायकलींचें मागचें चाक सांगाड्यास घट्ट जखडलेलें असे. इंग्लंडांत १९४९ सालीं विक्रीस आलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटचें चाक हलत्या चिमट्यावर बसविलें होतें. हीच बुलेट पुढें मद्रासेस तयार होऊं लागली. ही सोय आज सर्वांस मिळते. तिचा उपयोग मात्र करून घ्यावा लागतो.

येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. कडें चढविलें कीं स्प्रिंग कडक होते, असें जो तो म्हणतो. वस्तुतः एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा हा तिचा स्वभाव होय. तो कड्यानें पालटत नाहीं. समजा, एखादी स्प्रिंग २० किलोग्रॅम भारानें १ सेंटिमीटर दबते. ती आधींच १ सेंटिमीटर दाबून ठेविली, तर पहिल्या २० किलोग्रॅमपर्यंत ती हलणार नाहीं. पुढील प्रत्येक २० किलोग्रॅमास मात्र पूर्वीप्रमाणेंच १ सेंटिमीटर दबेल. तात्पर्य, माणूस बसल्यावर गाडी किती खचावी, एवढेंच कडें ठरवितें.

थोडें खचणें इष्टच आहे. स्वार बसल्यावर मागचें चाक आपल्या एकंदर हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकें दबावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. कारण खड्ड्यांत उतरावयासही चाकास वाव हवा. हलका मनुष्य एकटाच शेवटच्या पायरीवर चालवील तर तो वाव राहत नाहीं आणि चाक उडतें. उलट पहिल्याच पायरीवर दोघें बसलीं कीं स्प्रिंगला दबावयास जागा थोडी उरते, आणि मोठा धक्का थेट मागें बसणाऱ्याच्या मणक्यास पोंचतो. मागें बहुधा घरांतील वडील माणूस किंवा स्त्री असते, हें विसरूं नये. शिवाय मागची बाजू खचली कीं पुढचा दिवा वर पाहूं लागतो व समोरून येणाराचे डोळे दिपतात.

कृति सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यावी. सायलेन्सर निवूं द्यावा. गाडीसोबत मिळणारा आंकड्याच्या आकाराचा पाना कड्याच्या खांचेंत अडकवून एकेक पायरी फिरवावी. एकटा असतां खालची पायरी, दोघें असतां वरची. नेमकी कोणती, तें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. दोन्ही बाजूंस पायरी एकच ठेवावी, यांत कसूर नको. दोघें बसावयाचीं असतील तर मागच्या टायरची हवाही पुस्तिकेप्रमाणें वाढवावी.

स्प्रिंग भार तोलते. तिचें उसळणें आवरण्याचें काम आंतील तेलाचें. बैठक दाबून सोडली असतां गाडी पुनःपुन्हां झुलत राहिली, किंवा दांड्यावर तेल ओघळलेलें दिसलें, तर कडें कितीही फिरविलें तरी व्यर्थ. तेथें कारागिराकडेच गेलें पाहिजे. तसेंच, शेवटची पायरी म्हणजे तिसरें माणूस बसविण्याचा परवाना नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकामागें एकाच माणसास मुभा आहे.

मातोश्री "पाठ धरली" म्हणतात तेव्हां आपण रस्त्यास दोष देतों, आणि तो बहुधा खराही असतो. परंतु रस्ता सुधारणें आपल्या हातीं नाहीं, कडें आहे. त्यांस मागें बसविण्यापूर्वीं पाना हातीं घेण्याची संवय मुलांस लागावी, अशी आमची सूचना आहे.