तल्लख स्मृतीआड दडलेला रोग

बडोद्याच्या नागरवाड्यातील एखाद्या मराठी घरात पंचाऐंशी वर्षांच्या आजी आहेत अशी कल्पना करावी. त्यांची आई सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शाळेत शिकलेली. त्यांना स्वतःलाही वाचनाचा नाद. नातवंडांच्या जन्मतिथी, कुळाचाराचे नैवेद्य, साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातील मानपान, सारे मुखोद्गत. हल्ली मात्र दूध उतू जाते आणि किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडतात. डॉक्टर पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवितात, अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. आजी पुरेसे शब्द सांगून मोकळ्या होतात, आणि ‘वयोमानानुसार ठीक आहे’ असा निर्वाळा ऐकून घरची मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंती फसवी असू शकते.

ऐकलेले शब्द ध्यानी ठेवण्यात स्त्रिया सरासरीने पुरुषांहून सरस असतात, हे मानसशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. अलीकडचे संशोधन सांगते ते याहून महत्त्वाचे. अल्झायमरच्या आरंभी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग स्त्री-पुरुषांत सारखाच झिजला असला, तरी स्त्रिया शब्द अधिक आठवतात. गाठीची पुंजी मोठी, म्हणून दिवाळे उशिरा दिसते. पण ती सरली की घसरण झपाट्याने होते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना आणि पुरुषांना निरनिराळे निकष लावून पाहिले, तेव्हा सुमारे दहा टक्के स्त्रियांचा विकार सामाईक निकषातून निसटत होता आणि जवळजवळ तितक्याच पुरुषांवर तो विनाकारण लादला जात होता, असे आढळले. रोगाची गती थोडीफार मंदावणारी जी नवी औषधे निघाली आहेत, ती आरंभीच्या अवस्थेपुरतीच आहेत. निदानास विलंब झाला की ते दारही बंद होते.

गोव्याच्या वाचकास नागरवाडा दूरचा वाटेल. पण बडोदे संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यात मुलींनाही घेतले. (मुलग्यांस सात ते बारा वर्षे, मुलींस मात्र सात ते दहाच! एवढा पंक्तिप्रपंच त्या पुरोगामी राज्यातही होताच.) आमच्याकडे खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या त्या प्रामुख्याने १९६१ च्या मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत. म्हणजे आज ज्या वयात स्मृतिभ्रंश गाठतो, त्या वयाच्या पेडण्या-काणकोणातील कितीतरी माउलींनी शाळेची पायरी चढलेली नाही. धालोच्या मांडावर रात्रभर गीते म्हणणाऱ्या या बायकांच्या स्मृतीला कोण नावे ठेवील? परंतु त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवून आकृती काढावयास सांगितले, शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले, की त्या नापास. शिकलेली आजी रोग असून उत्तीर्ण होते आणि न शिकलेली रोग नसून अनुत्तीर्ण!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शेकडा ७.४ जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आणि खेड्यांत शहरांहून अधिक. यामागे आयुर्मान आहे तसा शिक्षणाचा अभावही आहे. शिक्षणाने मेंदूची राखीव शक्ती वाढते असे तज्ज्ञ मानतात. ज्या पिढीला आपण पाटी दिली नाही, तिच्या म्हातारपणी ही बाकी वसूल होत आहे.

हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार झाली, त्याला तीन दशके होत आली. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने कोकणी-मराठी बोलणाऱ्या आमच्या वृद्धांसाठी लिंग आणि शिक्षण या दोहोंनुसार निकष ठरविण्याचे काम हाती घ्यावे, आणि सरकारने त्यास पैसा पुरवावा. हा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवाहून अधिक होईल असे आम्हांस वाटत नाही. तोवर डॉक्टरांनी शब्दांच्या यादीवरच विसंबू नये. आजी तपासणीस आल्या की सोबत आलेल्या सुनेला बाजूस घेऊन विचारावे, किल्ल्या कुठे सापडल्या, औषध दोनदा घेतले गेले काय, रोजच्या आमटीची चव अलीकडे बदलली आहे काय.