एकशे तीस डॉलरचा फरक

अ‍ॅपलने २३ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅन होजेमध्ये ७.९ इंची आयपॅड मिनी जाहीर केला आणि अमेरिकी ग्राहकांत वाद पेटला. किंमत ३२९ डॉलर. गूगलचा नेक्सस ७ आणि अ‍ॅमेझॉनचा किंडल फायर एचडी मात्र तेव्हा १९९ डॉलरपासून मिळत होते. त्यातही मिनीचा पडदा १०२४ बाय ७६८चा, म्हणजे आयपॅड २ इतकाच, तर स्वस्त प्रतिस्पर्ध्यांचा १२८० बाय ८००चा. जास्त पैसे मोजून कमी पिक्सेल का घ्यायचे, हा सवाल रास्त होता. जुन्या रिझोल्यूशनमुळे आयपॅडची सारी अ‍ॅप्स बदल न करता चालतात, हे अ‍ॅपलचे उत्तर खरे होते, पण अर्धेच. (सात इंची टॅबलेटसोबत बोटे घासायला सँडपेपरही द्यावा लागेल, असे अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स २०१० मध्ये म्हणाले होते. दोनच वर्षांत कंपनीला ०.९ इंचांचा आधार पुरला!)

पण स्वस्ताईचे गणितही तपासायला हवे होते. किंडल आपण उत्पादनखर्चातच विकतो, असे अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस २०१२ मध्ये स्वतःच सांगत होते. नफा पुढे पुस्तके, चित्रपट आणि दुकानदारीतून येणार होता. किंडल फायर एचडीचा पडदा उघडण्याआधी दिसणाऱ्या जाहिराती घालवायच्या तर १५ डॉलर वेगळे मोजावे लागत. वाचन आणि चित्रपट एवढीच गरज असणाऱ्याने तेव्हा १९९ डॉलरवर थांबणे योग्य होते. अ‍ॅपलच्या अ‍ॅप्समध्ये आधीच पैसे गुंतवलेल्याला मिनी परवडणारा होता. इतरांनी मात्र सुधारित पडद्याची वाट पाहिलेली बरी होती.