विश्लेषण : मुलाने बटन सेल गिळला तर पहिले दोन तास इतके महत्त्वाचे का? आणि दोष फक्त आईचाच का?

गेल्या दिवाळीत मी ताईकडे एक डझन बॅटरीवरच्या पणत्या घेऊन गेलो होतो. तेलाचा डाग नको, पडदा पेटायची भीती नको आणि भाचा दीड वर्षाचा, म्हणून खऱ्या दिव्यापेक्षा याच बऱ्या, असा माझा हिशोब होता. पाडव्याच्या संध्याकाळी एक पणती उलटी पडलेली दिसली. तिचे झाकण निघाले होते आणि आतला सेल जागेवर नव्हता. भाचा शेजारीच बसून खोकत होता.

पुढची पन्नास मिनिटे आम्ही घरातच घालवली. ताईच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, तुझं लक्ष कुठे होतं?’ शेजारच्या काकूंनी केळे आणून दिले. ‘दोन केळी खाऊ घाला, उद्या शीतून पडेल,’ असे त्यांचे म्हणणे. दाजी मोबाइलवर शोधत बसले. ताई नुसती रडत होती. आणि मी, इंजिनीअरिंगची पदवी घेतलेला मामा, सोफ्याखाली टॉर्च मारत होतो. शेवटी दाजींनी गाडी काढली. रुग्णालयात गळ्यापासून पोटापर्यंतचा एक्स-रे झाला आणि तो स्वच्छ निघाला. सेल रात्री शोकेसखाली सापडला. नशिबाने वाचलो. तो सेल खरोखर पोरग्याच्या घशात असता, तर ती पन्नास मिनिटे फार महाग पडली असती.

नाणे आणि सेल यांत फरक काय?

रांगायला लागल्यापासून साधारण तीन वर्षांपर्यंतचे मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते. मणी, पिना, नाणी, सगळे तोंडात जाते. दिलासा असा, की गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे 80 ते 90 टक्के आपोआप शौचावाटे बाहेर पडतात. ‘केळे खाऊ घाला’ हा सल्ला याच अनुभवातून आला आहे. नाण्याच्या बाबतीत तो अनेकदा खरा ठरल्यासारखा वाटतो, कारण पोटात पोहोचलेले नाणे बहुतेक वेळा केळ्याशिवायही बाहेर पडतेच.

सेलचे गणित वेगळे आहे. पणती, वजनकाटा, गाडीची चावी, साखर मोजायचे यंत्र यांत अनेकदा सीआर 2032 हा लिथियम सेल असतो. त्याच्या नावातच माप आहे : व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. हा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याइतका मोठा आहे. सेल अडकला की दोन्ही बाजूंना ओली त्वचा लागते आणि लाळेतून विद्युतप्रवाह सुरू होतो.

अकरावीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे विद्युत अपघटन सगळ्यांनी पाहिलेले असते. पाणी फुटायला तत्त्वतः साधारण 1.23 व्होल्ट लागतात. लिथियम सेल 3 व्होल्टचा असतो. त्याच्या ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड तयार होते. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात त्या कॉस्टिक सोड्यातही हेच असते. म्हणजे सेल फुटून आतले रसायन गळावे लागत नाही, जाळणारा पदार्थ तिथल्या तिथेच बनत राहतो. दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडू शकते, शेजारच्या श्वासनलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. सेल काढल्यानंतरही ही इजा काही दिवस वाढत राहते.

‘सेल संपलेलाच होता’ या वाक्याचाही उपयोग नाही. पणती पेटवायला कमी पडणाऱ्या सेलमध्ये पाणी फोडण्याइतका दाब शिल्लक असू शकतो. ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलेला जुना सेल म्हणूनच धोकादायक.

ओळखायचे कसे?

अडचण इथेच आहे. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, उलटी, छातीत दुखणे, चिडचिड ही लक्षणे दिसू शकतात. ती साध्या सर्दी-खोकल्यासारखीच वाटतात, आणि कधी सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही. घरातला सेल सापडत नसेल आणि मूल त्याच्या आसपास होते एवढे कारण एक्स-रे काढायला पुरेसे आहे. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची बहुधा दुहेरी. त्यावरून डॉक्टर दोन्हींत फरक करतात.

नेमके काय करावे?

थेट अशा रुग्णालयात जावे जिथे एक्स-रे आणि लहान मुलांची एंडोस्कोपी होते. वाटेतच फोन करून विचारून घ्यावे, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात वेळ जात नाही. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. तसाच दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट सोबत न्यावे.

उलटी काढायची नाही. बोट घालायचे नाही. केळे, भात, दूध काही द्यायचे नाही, कारण भूल द्यावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते.

याला एकच अपवाद म्हणजे मध. अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या मार्गदर्शनानुसार मूल एक वर्षाहून मोठे असेल, लिथियम सेल गिळून 12 तासांच्या आत असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत दर 10 मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर मध द्यावा. जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजेचा वेग कमी होतो, पण तो उपचार नाही. मध आणायला दुकानात जाण्यात वेळ घालवू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कधीच देऊ नये, मग घरात चाटण देण्याची पद्धत असली तरी.

सेल नाकात किंवा कानात गेला तरी घाई तितकीच. तिथे थेंब टाकू नयेत. दोन किंवा अधिक लोहचुंबक गिळले असतील तरीही लगेच निघावे, कारण ते आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधली आतडी चिमटली जाते. आणि शेंगदाणा किंवा फुटाणा घशात अडकून मुलाला श्वासच घेता येत नसेल, तर तिथल्या तिथे मदत करावी लागते. एक वर्षाच्या आतील बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब, असे आलटून पालटून. हे प्रात्यक्षिक प्रत्येक आई-बाबांनी, आजी-आजोबांनीही, आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्यावे.

मग चूक कुणाची?

‘लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न आपल्याकडे आईलाच विचारला जातो. पण सेल तोंडात जायला काही सेकंद पुरतात. इतका वेळ कुणाचेही लक्ष हटते. फोडणी करपत असते, दार वाजते, फोन येतो. या प्रश्नाचा खरा तोटा पुढे होतो. बोलणी खावी लागतील म्हणून आई, आजी किंवा सांभाळणारी मावशी शंका मनातच ठेवते, आणि जे दोन तास हातात असतात ते तिथेच संपतात.

त्या पणतीचे झाकण मी नंतर पाहिले. ते नखाने उघडत होते. एक छोटा स्क्रू असता तर दीड वर्षाच्या मुलाला ते उघडले नसते. हा दोष लक्ष ठेवण्याचा कमी आणि वस्तूच्या रचनेचा जास्त आहे. खेळण्यांबाबत आपल्याकडे गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण पणती, रिमोट, वजनकाटा, साखर मोजायचे यंत्र ही खेळणी नाहीत, त्यामुळे ती या आदेशात येत नाहीत. मुलाला हा फरक कळत नाही. ऑस्ट्रेलियाने 22 जून 2022 पासून बटन सेलवर चालणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी सक्तीचे मानक लागू केले. अमेरिकेत ऑगस्ट 2022 मध्ये ‘रीझ कायदा’ झाला. बटन सेल गिळल्यामुळे दगावलेल्या एका चिमुरडीचे नाव त्याला दिले आहे. आपणही खेळण्यांचा नियम घरातल्या वस्तूंपर्यंत न्यायला हवा, त्यासाठी आधी कुणाचे मूल दगावायला नको.

तोवर घरात एक काम आजच करता येईल. सेल असलेली प्रत्येक वस्तू उलटी करून पाहा. झाकण स्क्रूशिवाय उघडत असेल तर त्यावर मजबूत चिकटपट्टी लावा किंवा वस्तू उंचावर ठेवा. आजोबांचे साखरेचे यंत्र आणि कानातल्या श्रवणयंत्राचे सेलही विसरू नका. संपलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर टाका.

आणि तरीही तशी वेळ आलीच, तर तीनच प्रश्न विचारा. काय गिळले असेल? किती वाजता? तसाच दुसरा सेल घरात आहे का? उत्तरे मिळोत न मिळोत, गाडी काढा. एक्स-रे स्वच्छ निघाला तर ती फेरी वाया गेली असे समजू नका. आमची अजिबात वाया गेली नाही.