भिंतीवरच्या उड्या

भिंत, कठडा, जिना ओलांडत न थांबता पुढे जायचे, हा फ्रान्समधला पार्कोर. आपली मुले तो गच्चीवर खेळतात आणि आपण ओरडतो. पण ज्या बडोद्यात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात पिढ्या घडवल्या, जिथल्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे सुधारित नियम काढले, तिथे उडी मारणारे मूल वांड कसे? हात मोडेल ही भीती खरी. म्हणूनच मऊ माती आणि जाणता उस्ताद हवा. आम्ही आकडेमोड करणारी माणसे, खर्च आम्हाला कळतो. माती महाग नसते, जागा महाग असते. तेव्हा महापालिकेसाठी मते मागायला येणाऱ्यांना आम्ही रस्ते-गटारांच्या आधी विचारणार आहोत: आमच्या वॉर्डात मैदान कुठे? मंडळाचे सभागृहही लग्नसराईखेरीज रिकामेच असते; संध्याकाळचे दोन तास मुलांना द्यायला कार्यकारिणीची हरकत काय?