डावखुऱ्या पोरीला रायफल कुठून आणायची? नेमबाजीतली अडचण पदकाच्या खूप आधी सुरू होते

कोल्हापूर : १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद आणलं होतं. साहजिकच गावोगावच्या पालकांच्या डोक्यात विचार येतो, आपल्या पोराला पण नेमबाजीला घालू.

घालायला हरकत नाही. पण या खेळात बॅट-बॉलसारखं दुकानात जाऊन सामान आणता येत नाही. त्यातही मूल डावखुरं असेल किंवा अंगाने लहान असेल, तर त्याच्या मापाची रायफल शोधता शोधता एखादं वर्ष सहज निघून जातं.

रायफल एक, प्रकार अनेक

१० मीटरची एअर रायफल ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारते आणि तिचं वजन साडेपाच किलोच्या आत असावं लागतं. ५० मीटरची रायफल पॉइंट २२ बोअरची. पुरुषांसाठी तिची मर्यादा ८ किलो. स्पर्धेत दिसणाऱ्या बऱ्याच रायफली जर्मनीच्या असतात. आन्शुत्झ आणि वाल्थर या उल्म शहरातल्या कंपन्या, तर फाइनवेर्कबाउ ओबर्नडॉर्फची.

एकाच कंपनीच्या रायफलीतही पुष्कळ फरक असतो. आन्शुत्झची १९०७ ही स्टँडर्ड रायफल, १९११ झोपून मारण्यासाठी आणि १९१३ तिन्ही पोझिशनसाठी. मॉडेल नंबरापुढे 'एल' असेल तर ती डावखुऱ्यांची. नव्या माणसाला नंबर सारखेच वाटतात आणि फसगत इथेच होते. 'आन्शुत्झ आहे, स्वस्तात आहे' एवढंच ऐकून घरच्यांनी १९११ घेतली, तर पोरगं उभं राहून मारताना अडखळणार. तिचा दस्ता त्या पोझिशनसाठी बनवलेलाच नसतो.

यात ऑलिम्पिकच्या नियमांचाही हात आहे. पुरुषांचा ५० मीटर प्रोन प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर वगळला गेला. त्यामुळे फक्त झोपून मारायच्या रायफलीची मागणी घटली. अशी जुनी रायफल स्वस्तात मिळू शकते, पण ज्याला थ्री पोझिशन खेळायचंय त्याच्यासाठी तो सौदा महागातच पडतो.

हात नव्हे, आधी डोळा बघा

डावी रायफल लागेल की उजवी, हे नुसतं हातावर ठरत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. हे घरीच तपासता येतं. दोन्ही हात समोर लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा विजेचा खांब बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा मिटल्यावर खांब फटीतून गायब होतो, तो डोळा प्रबळ. मग डाव्या खांद्यावर शिकवायचं की उजव्या, हे प्रशिक्षक मुलाला बघून ठरवतो.

एअर रायफलीत यावर तोडगा निघतो. अॅल्युमिनियम दस्त्याच्या काही मॉडेलमध्ये मूठ आणि गालाचा आधार बदलला की भागतं. लहान मुलांसाठी वाल्थरच्या एलजी ४०० सारख्या मॉडेलची ज्युनिअर आवृत्तीही येते. पॉइंट २२ मध्ये मात्र बोल्टच डाव्या बाजूला लागतो. उजवी रायफल नंतर डावी करता येत नाही. म्हणून जुन्या बाजारात 'एल' रायफल दिसली की जाणकार लगेच उचलतात.

कायदा काय सांगतो

४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. म्हणून गावातल्या मुलाने सुरुवात इथूनच करणं सोयीचं.

पॉइंट २२ रायफल मात्र बंदूकच. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी होते. परवानाधारकाने रायफल विकायची ठरवली तरी आज ठरवून उद्या देता येत नाही. जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याकडेही परवाना हवा. व्हॉट्सअॅपवर फोटो बघून पैसे पाठवणं म्हणजे पैसे तर जाणारच, वर तुरुंगाची वेळ येऊ शकते.

परदेशातून रायफल मागवण्याची वाटही प्रामुख्याने ठरावीक गुण मिळवून 'नामांकित' ठरलेल्या नेमबाजांनाच मोकळी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांची शस्त्रमर्यादा १२ पर्यंत नेली. वरच्या खेळाडूंची सोय झाली, ते योग्यच. पण अडचण पहिल्या रायफलीची आहे. गुण नाहीत म्हणून आयात नाही, आणि मापाची रायफल नाही म्हणून गुण नाहीत, असा हा पेच आहे.

त्यामुळे नवी रायफल आधी वरच्या खेळाडूकडे येते आणि तीच पुढे जुनी होऊन फिरते. कोण कधी रायफल बदलणार, हे शहरातल्या क्लबमध्ये रोज येणाऱ्यांना कळतं. शाहूवाडी किंवा भुदरगडच्या पालकाला ते कळेपर्यंत व्यवहार होऊन गेलेला असतो.

जुनी रायफल घेताना

- सिलिंडरची मुदत : एअर रायफलीच्या हवेच्या सिलिंडरला कंपनीने मुदत दिलेली असते, साधारण १० वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेत चालत नाही. धोका असतो तो वेगळाच. नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरा.
- नंबर : पॉइंट २२ च्या नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा.
- नळी : प्रत्येक नळीला ठरावीक लॉटचीच काडतुसं मानवतात. मालकाने कोणती वापरली ते विचारा आणि स्टँडवर लावून दहा-वीस गोळ्या मारून बघा.
- सुटे भाग : साइट, वजनं, गालाचा आधार मूळचे आहेत का? बंद पडलेल्या मॉडेलचा एक छोटा भाग मिळवायलाही महिने जातात.
- माप : प्रशिक्षकाने मुलाच्या खांद्याला लावून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

यादी तरी करा

स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून पुढे वाट मिळाली. पण प्रबोधिनीच्या जागा मोजक्या असतात. बाकीच्या मुलांसाठी क्लबची रायफल हाच आधार. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट २२ आणि एअर रायफलीच्या बाबतीत शस्त्रसंख्येची मर्यादाही कायद्याने सैल केलेली आहे. म्हणजे क्लबच्या मार्गाने जाण्याला सरकारची ना नाही.

यासाठी मोठा निधी लागतो असंही नाही. जिल्ह्यातल्या क्लबांकडे किती रायफली आहेत, त्यांत डाव्या किती, ज्युनिअर मापाच्या किती, कोणती वापराविना पडून आहे, याची एक यादी जिल्हा क्रीडा कार्यालयाने क्लबांकडून घ्यावी. कोणाच्या घरात काय आहे ते त्यात नको, सुरक्षेसाठी ते बरंही नाही. पण कोणत्या क्लबमध्ये डावी रायफल आहे एवढं पालकाला फोनवर समजलं, तरी त्याचे हेलपाटे वाचतील.

आज ही शोधाशोध प्रत्येक घराला एकट्याने करावी लागते. ज्याच्या ओळखी आहेत त्याला रायफल मिळते. ज्याच्या नाहीत, त्याचं पोर वर्षभर दुसऱ्याच्या मापाच्या दस्त्यावर मान वाकडी करून सराव करतं. मग गुण येत नाहीत आणि 'याला जमत नाही' म्हणून घरचे त्याला परत बोलावतात. अशी किती पोरं माघारी गेली, याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.