आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ही म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु ज्याच्या घरास आग लागली त्याला तिच्यातील विनोद दिसत नाही. बडोद्यात बंबाची वाण आहे असे नाही. सुरसागराजवळ दांडिया बाजारातच अग्निशामक दलाचे ठाणे आहे, आणि १०१ हा क्रमांक लावताच तेथील जवान निघतात. पण मांडवीभोवतीच्या जुन्या पोळांतून, जेथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीस मागे सरावे लागते, तेथून बंब दाराशी येण्यास वेळ लागणारच. त्या वेळात घरातील माणसांनी काय करावे? आमचे म्हणणे असे की, आगीवरील पहिला पहारा घरातच असला पाहिजे.

चोराच्या भीतीने आपण खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवितो, दारास दुहेरी कुलपे लावतो आणि निर्धास्त झोपतो. पण चोराला बाहेर ठेवणारी जाळी आगीच्या वेळी आपल्यालाच आत कोंडते. त्यातून माणसे ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. शिवाय धुराच्या वासाने झोपलेला माणूस जागा होईल, हा भरवसा खोटा आहे. त्याला जाग येते ती आवाजाने. धुराची सूचना देणारी घंटा हे काम करते. छतास लावावयाची ही वाटीएवढी डबी. काही डब्यांत प्रकाशाचा एक किरण असतो; धूर आत शिरला की तो किरण विखुरतो आणि घंटा कर्कश वाजू लागते.

२४ मे २०१९ रोजी सुरतेच्या तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग होते. उतरण्याची वाट आगीने व धुराने अडली; कित्येक मुलांनी वरून उड्या टाकल्या. २२ जणांचे प्राण गेले. त्यांत बहुतेक आमच्यासारखे विद्यार्थीच होते. त्या दिवशी ती मुले अभ्यासाला गेली होती, एवढे आठवले तरी आम्हांस पुढे लिहवत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या घरी रोज फोडणी होते, देवघरात धूप जळतो. ही घंटा दिवसभर ओरडत बसेल. आक्षेप खरा आहे, पण उपाय सोपा आहे. ती स्वयंपाकघरात किंवा देवघरापाशी न लावता निजण्याच्या खोलीबाहेरील वाटेवर छताला लावावी. गॅसची घंटा निराळी असते. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, म्हणून ती जमिनीलगत हवी. नळाने येणारा गॅस हलका, म्हणून ती छताजवळ हवी. मात्र, विजेरी संपलेली घंटा नसलेल्या घंटेहून वाईट, कारण ती खोटा धीर देते. दर संकष्टीला तिची कळ दाबून पाहावी, म्हणजे विसर पडणार नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा व श्रमांचा. अमेरिकेत तेथील रेड क्रॉसचे स्वयंसेवक २०१४ पासून घरोघर जाऊन अशा घंटा विनामूल्य बसवीत आहेत. आपल्याकडे हे का होऊ नये? १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशामक दलाच्या अनेक जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात भाषणे पुष्कळ होतात; आम्हांस त्याबरोबर कामही हवे आहे. दिवाळीच्या फटाक्यांतून वाचविलेल्या पैशांतून काही घंटा घ्याव्यात आणि शिक्षक व पालकांसह विद्यार्थ्यांनी पोळापोळांतून हिंडावे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरापासून आरंभ करावा. शिडीवर मोठ्यांनी चढावे, शिडी आम्ही धरू. जाळीच्या कुलपाची किल्ली रात्री कोठे असते, हे घरातील प्रत्येकास ठाऊक आहे का, तेही विचारू; आणि नसेल तर दाराशेजारी खिळा ठोकून तेथे ती टांगून देऊ.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी आज रात्री आपल्याच घरातील किल्ली शोधून पाहा. अंधारात ती हाताला लागली नाही, तर कामाचा आरंभ कोठून करावयाचा हे सांगावयास नकोच.